हर्निया नव्हे, पाणथरी

"पोटाचं ऑपरेशन झालं, आत मेश, म्हणजे जाळी, बसवली" एवढं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, हर्निया!" शाळेत, शेजारीपाजारी, बँकेत, अगदी विमावाल्यांच्या फोनवरसुद्धा हेच. मग मी पहिल्यापासून सुरू करते. हर्निया नव्हता. माझी पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती. डॉक्टरांनी ती काढली नाही, दुरुस्त केली. आणि तिच्याभोवती घातलेली जाळी आता पोटात शिल्लकही नाही. यावर इतके प्रश्न येतात की एकदा बसून लिहूनच काढलं.

मी नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते, राहते नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरात. पोळा तोंडावर आला होता. सकाळी ॲक्टिव्हावर शाळेत जाताना रस्त्याच्या मधोमध बसलेला बैल एकदम उठला आणि मी गाडीसकट आडवी झाले. (बैलाच्या सणाला बैलानंच पाडलं, यावर नंतर सगळ्यांनी मनसोक्त हसून घेतलं.) हेल्मेटमुळे डोकं वाचलं, हातपाय नुसते खरचटले. पण पडताना हँडलचं टोक डाव्या बरगड्यांखाली जोरात रुतलं. मी उठून उभी राहिले, साडी झटकली, पर्स शोधली. सगळं ठीक वाटत होतं. पाचदहा मिनिटांत डाव्या खांद्यात ठणका सुरू झाला, आणि खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं.

मागून येणाऱ्या आमच्याच शाळेतल्या सरांनी मला गाडीत घातलं आणि थेट धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात आणलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "खांदा दुखतो का? डावा?" पोटात रक्त साठलं की ते वरच्या पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या डायफ्रामला चाळवतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. प्लीहेला मार लागल्याची ही जुनी, ठरलेली खूण आहे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच समजलं की बाई म्हणून मी उगाच कण्हत नाहीये.

तिथेच स्ट्रेचरवर सोनोग्राफी झाली. प्लीहेभोवती आणि खाली ओटीपोटात पाणी दिसलं. ते पाणी म्हणजे रक्तच. नाडी 112, बीपी 100 वर 60. सलाईनच्या दोन सुया, रक्ताचे नमुने, आणि अपघाताची केस म्हणून एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या नोंदीचा कागद. सिस्टरनं आणखी एक प्रश्न विचारला, जो पुण्या-मुंबईच्या माझ्या नातेवाईकांना फार नवलाचा वाटला: "सिकलची तपासणी झाली आहे का?" सिकल म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार; आमच्या विदर्भात हा प्रश्न नाव-गावाइतका नेहमीचा आहे. माझी लग्नाआधीच झाली होती, निगेटिव्ह.

सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झालं. प्लीहेला दोन चिरा, त्यातली एक 3 सेंटीमीटरपेक्षा खोल. ग्रेड तीन. ही प्रतवारी एक ते पाच अशी असते. एक म्हणजे किरकोळ, पाच म्हणजे प्लीहेच्या चिंधड्या. शिवाय आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यापाशी थोडं धूसर दिसत होतं, तिथेही मार असावा अशी शंका.

मला वाटलं, आता लगेच नेतील आत. सर्जन सरांनी सांगितलं तसं नाही. आजकाल रुग्ण स्थिर असेल तर फाटलेली प्लीहाही पुष्कळदा ऑपरेशनशिवाय भरून येते. आयसीयूत झोपवून ठेवायचं, नाडी-बीपी बघायचं, ठरावीक तासांनी हिमोग्लोबिन करायचं. गरज पडली तर काही ठिकाणी मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून आतली वाहणारी वाहिनी बंद करतात. पोट उघडणं हा शेवटचा पर्याय. माझ्या बाबतीत आतड्याची शंका होती, म्हणून तो पर्याय त्यांनी जवळ ठेवला होता.

नवरा चंद्रपूरला वीजकेंद्रात. तो पोचेपर्यंत दादा आणि सासूबाई आल्या होत्या. सासूबाई मूळच्या उमरेडकडच्या. त्यांनी सरांना सरळच विचारलं, "काढूनच टाका ना जी एकदाची. फाटकं ठेवून कायले जीव टांगणीला लावता? माह्या चुलतसासऱ्याची काढली होती, चांगले ऐंशी वर्षं जगले."

सर चिडले नाहीत. म्हणाले, "आई, काढायला मला अर्धा तास लागेल. ठेवायला जास्त मेहनत आहे. पण जमलं तर ठेवीन."

मग त्यांनी जे समजावलं त्याचा सारांश असा. डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा अवयव. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गाळून काढणं हे त्याचं एक काम, आणि काही विशिष्ट जंतूंना रक्तातच पकडणं हे दुसरं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, या जंतूंच्या अंगावर एक गुळगुळीत आवरण असतं, त्यामुळे ते बाकीच्या पहारेकऱ्यांच्या हातून निसटतात. प्लीहा नसलेल्या माणसाला सहसा काही होत नाही, ऐंशी वर्षंही जगतो. पण कधीतरी साध्या तापासारखी सुरुवात होते आणि काही तासांच्या हिशेबात माणूस हातचा जातो. असं क्वचित होतं, पण झालं तर साधारण निम्मे रुग्ण दगावतात. शिवाय मलेरियासुद्धा अशा माणसाला जड जातो, आणि गडचिरोली आपल्यापासून लांब नाही.

सासूबाईंना किती पटलं माहीत नाही. मला मात्र चटकन पटलं, कारण आमच्या शाळेत सिकलची मुलं आहेत. त्या आजारात प्लीहा लहानपणीच आतल्या आत वाळून निकामी होते. अशा मुलाला ताप आला की त्याची आई कामावरची मजुरी सोडून त्याला उचलून दवाखान्यात धावते, आणि आम्हालाही सक्त सूचना असते की ताप वाटला तर मधल्या सुट्टीची वाट बघू नका. एखाद्या अवयवाची उणीव म्हणजे काय, हे मी वर्गात बघितलेलं होतं.

पुढे बरी होत असताना वाचलं की हे ज्ञान तसं फार जुनं नाही. प्लीहा हा बिनकामाचा अवयव, जरा फाटला की काढा, असा खाक्या कितीतरी वर्षं होता. 1952 मध्ये किंग आणि शुमाकर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये असे भयंकर संसर्ग नोंदवले, आणि मग हळूहळू वाचवण्याकडे कल गेला. चुलतसासऱ्यांच्या काळी कुणी वाचवायचा विचारही केला नसता.

सरांनी दादाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर रक्ताच्या पिशव्यांखेरीज एक ओळ होती: विरघळणारी मेश, पॉलिग्लॅक्टिन. "लागेलच असं नाही. पण रात्री लागली तर तेव्हा शोधत बसायला नको. सील फोडू नका, नाही लागली तर दुकानदार परत घेईल." हर्नियाची मेश कुठेही मिळते, ती पॉलिप्रोपिलिनची, कायमची. ही विरघळणारी मात्र सगळ्यांकडे नसते. दादा औषधांच्या दुकानांतून सर्जिकलवाल्यांकडे, तिथून दुसऱ्या सर्जिकलवाल्याकडे, असा फिरला. प्रत्येकानं आधी हर्नियाचीच पुढे केली. शेवटी मिळाली. दादा व्यापारी माणूस, त्यानं काउंटरवरच एक्स्पायरी, बॅच आणि नाव तीनदा चिठ्ठीशी ताडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरी होते. मग नाडी चढू लागली. मॉनिटरवर 130. हिमोग्लोबिन भरती झाले तेव्हा 11.4 होतं, ते 7.6 वर आलं. पोट टणक झालं, कुणी नुसता पलंगाला धक्का दिला तरी कळ यायची. सर आले, पोटावर हात ठेवला, आणि भूलतज्ज्ञांना फोन लावला.

संमतिपत्रावर दोन्ही गोष्टी होत्या: प्लीहा दुरुस्त करण्याचा प्रयत्न, आणि न जमल्यास काढणे. नवऱ्यानं सही केली, मीही केली. "आत गेल्यावर ठरवेन," सर म्हणाले. "रक्त थांबलं नाही तर मी हट्ट करणार नाही. प्लीहेपायी माणूस गमवायचा नसतो." हे वाक्य मला सगळ्यात धीर देणारं वाटलं. वाचवण्याचा आग्रह धरणारा डॉक्टर चांगलाच. पण कुठे थांबायचं ते आधी सांगणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

पुढचं मला भुलेत काय कळणार? ते मी नंतर रेसिडेंट मॅडमकडून विचारून विचारून घेतलं. त्या राउंडला आल्या की मी शिक्षकी सवयीनं "पुन्हा सांगा" म्हणायचे.

पोट मधोमध उभं उघडलं. साठलेलं रक्त ओढून काढलं आणि चारी बाजूंना कपड्याच्या घड्या दाबून ठेवल्या. सगळ्यात आधी बघितलं ते आतडं. त्याला भोक असतं, आतलं बाहेर सांडलेलं असतं, तर सर जाळी घालणार नव्हते, कारण अशा घाणीत बाहेरची वस्तू ठेवायला ते तयार नसतात. आतडं शाबूत निघालं. त्याच्या पडद्याला एक छोटी फाट होती, ती शिवली. मग प्लीहा. ती मागे, खोल, दडून बसलेली असते. तिला धरून ठेवणारे बंध हलक्या हातानं सोडवून ती मधोमध, हाताशी आणावी लागते. मॅडम म्हणाल्या, कितीतरी वेळा प्लीहा इथेच जाते, ओढताना आणखी फाटते.

साधे टाके का नाही घातले, हे मी विचारलंच. प्लीहेचं आवरण अगदी पातळ आणि आतला गर रक्तानं भरलेला, ठिसूळ. टाका ओढला की दोरा मांस कापत बाहेर येतो आणि एका चिरेच्या दोन होतात. म्हणून वाहणारी एक बारीक वाहिनी आधी स्वतंत्र बांधली. चिरांमध्ये रक्त गोठवणारं, तेही विरघळणारंच, सेल्युलोजचं कापड भरलं. आणि मग ती जाळी.

"तुम्ही अंबाडा घालता ना मॅडम? त्यावर जाळी कशी बसवता? अंबाडा आत, आणि बुडाशी दोरी आवळायची. तसंच." मला लगेच समजलं, नवऱ्याला समजायला वेळ लागला. विणलेल्या पांढुरक्या चौकोनी तुकड्याला एका बाजूनं चीर देऊन मधे वाट करतात. प्लीहेच्या मुळाशी जिथून धमनी आत जाते आणि शीर बाहेर येते, तिथे ती वाट बसवायची, जाळी सगळीकडून गुंडाळायची आणि कडेनं ओवलेला दोरा मुळाभोवती आवळायचा. चिरा दोन्हीकडून दाबल्या जातात, कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यागत, आणि रक्त थांबतं. खरं कसब आवळण्यात आहे. सैल राहिली तर उपयोग नाही. जास्त आवळली तर शीर दबते, रक्त आत येत राहतं आणि बाहेर जात नाही. प्लीहा काळवंडून फुगायला लागते. दोरा बांधल्यावर सर हात बांधून बराच वेळ नुसते बघत उभे होते म्हणे. रंग ठीक, घड्या कोरड्या. मग साठणारं पाणी बाहेर यायला नळी (ड्रेन) ठेवून पोट बंद केलं.

केसपेपरमध्ये एका पानावर त्या मेशच्या वेष्टनावरचा स्टिकर चिकटवलेला आहे, बॅच नंबरासकट. दादानं काउंटरवर ताडून बघितला तोच.

आयसीयूतले दिवस सांगण्यासारखे नाहीत. नाकातून नळी, कारण पोट फुगून जाळीवर दाब नको. लघवीची नळी. तासातासाला नाडी. सगळ्यात त्रासाचं होतं ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. डाव्या बाजूच्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी झालं होतं, ताप येत होता, आणि फिजिओथेरपीवाली पोरगी काही केल्या सोडायची नाही. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची, हे तिनं शिकवलं. कुणाचं पोटाचं ऑपरेशन असेल तर हे एक नक्की लक्षात ठेवा, फार फरक पडतो.

वॉर्डात आणलं तो मारबतीचा दिवस होता, म्हणजे नागपुरात इडापिडा घालवायला मारबतीचे पुतळे मिरवतात तो. इतवारी-महालकडच्या मिरवणुकीमुळे भेटायला येणारे निम्मे लोक वाटेतच अडकले. आले त्यांनी काळी-पिवळी मारबत मोबाइलवर दाखवली. सासूबाई पडद्यासमोर हात जोडून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणाल्या आणि मग मला सुपासाठी दटावू लागल्या. तान्ह्या पोळ्याला शाळेतल्या पोरांनी लाकडी बैलांचे फोटो पाठवले. एकानं खाली लिहिलं होतं, "मॅडम हा बैल पाडत नाही."

जाळी विरघळते म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला फार कुतूहल होतं. पूर्वीचा विरघळणारा दोरा म्हणजे कॅटगट, जनावराच्या आतड्यापासून केलेला; शरीर त्याला पेशींच्या हल्ल्यानं पचवायचं, त्यामुळे सूज जास्त. माझी जाळी कृत्रिम. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाचे रेणू लांब साखळीत जोडून हा धागा करतात. शरीरातल्या पाण्यानंच त्या साखळ्या तुटतात, आणि सुटे झालेले तुकडे शरीर वापरून किंवा बाहेर टाकून मोकळं होतं. ताकद काही आठवड्यांतच जाते, दोन-अडीच महिन्यांत धागाच उरत नाही. तोवर प्लीहा आपली आपण भरून आलेली असते. अशा धाग्यांची जाळी प्लीहेभोवती घालायची पद्धत 1980 च्या दशकात पुढे आली. गंमत अशी की पद्धत हाताशी आली आणि पुढच्या काळात सीटी स्कॅनच्या भरवशावर नुसतं थांबणंच इतकं यशस्वी होऊ लागलं की ती वापरायची वेळ कमी येऊ लागली. रेसिडेंट मॅडमनी पुस्तकात वाचलेली, पण डोळ्यांनी पाहिलेली ही पहिलीच.

आता विम्याचं. कॅशलेसच्या अर्जावर तिकडून पहिली शंका आली: "अपघातात हर्नियाची मेश कशासाठी?" सरांनी पत्र दिलं, सीटीचा अहवाल जोडला, पैसे मंजूर झाले. पण मंजुरीच्या कागदावर आणि त्यांच्या नोंदीत शस्त्रक्रियेचं नाव पडलं स्प्लेनेक्टमी, म्हणजे प्लीहा काढली. माझी होती स्प्लेनोऱ्हाफी, दुरुस्ती. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रक्कम तर बरोबर आहे ना?" रक्कम बरोबर होती. पण उद्या मी कुठे बेशुद्ध पडले आणि कुणी त्या नोंदीवरून उपचार केले तर? प्लीहा नसलेल्या माणसाच्या तापाला डॉक्टर वेगळ्या घाईनं हात घालतात, त्याच्या लशी वेगळ्या असतात. मी मेल पाठवत राहिले, उत्तरं येत राहिली की "आपली तक्रार पुढे पाठवली आहे." दुरुस्ती झाली, पण माझ्या चिकाटीमुळे, त्यांच्या नाही. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घरी जायच्या घाईत खिशात कोंबू नका. शस्त्रक्रियेचं नाव तिथेच वाचा, नाही समजलं तर विचारा.

घरी आल्यावर तीन महिने बंधनं होती. बादली उचलायची नाही, गाडी चालवायची नाही, आणि मागे बसूनही जायचं नाही, कारण आमच्या भागातले स्पीडब्रेकर. वर्गात उभं राहायला लागले तेव्हा फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना टाक्यांजवळ ओढ बसायची.

लशींचं मी आधीच विचारून ठेवलं होतं. प्लीहा काढावी लागली असती तर साधारण दोन आठवड्यांनी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) अशा तिन्ही द्याव्या लागल्या असत्या, पुढे काहींचे बूस्टर, आणि तापाबद्दल आयुष्यभर सावध राहणं. माझी जवळपास सगळीच प्लीहा जागेवर आहे, म्हणून त्या घ्यायची गरज नाही, असं सरांनी सांगितलं. मी तरीही विचारलं, ती जागेवर आहे हे दिसतं, पण काम करते आहे हे कशावरून?

त्यासाठी एक साधी तपासणी आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तांबड्या पेशी तयार होताना काहींमध्ये केंद्रकाचा बारीकसा कण मागे राहतो. चालती प्लीहा तो टिपून काढते. प्लीहा नसली किंवा निकामी असली की हे कण रक्तात सर्रास दिसतात, त्यांना हॉवेल-जॉली बॉडीज म्हणतात. काढल्यावर प्लेटलेट्सही बऱ्याचदा खूप चढतात. तीन महिन्यांनी माझी सोनोग्राफी आणि ही तपासणी एकदमच झाली. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना चिरांच्या जागी एक फिकट व्रण सापडला, जाळीचा मागमूस नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात प्लेटलेट्स नेहमीच्या मर्यादेत, आणि खाली एक ओळ: हॉवेल-जॉली बॉडीज आढळल्या नाहीत.

तो अहवाल, ऑपरेशनच्या नोंदीचं पान आणि स्टिकरचा फोटो मी नवऱ्याच्या, दादाच्या आणि माझ्या अशा तिघांच्याही मोबाइलमध्ये ठेवला आहे. गाडी पुन्हा चालवते, फक्त आता शाळेत जायला थोडी आधी निघते, गुरं उठायच्या वेळेला रस्ता काढायचा म्हणजे घाई परवडत नाही.